मत्स्यपिलांचे अनुस्रोत वहन

मत्स्यपिलांचे अनुस्रोत वहन : गोड्या पाण्यातील माशांची अंडी, अंड्यांतून नुकतेच बाहेर पडलेले डिंभ आणि कोवळी पिले नदीच्या प्रवाहाबरोबर खालच्या दिशेस वाहत जातात, या क्रियेस अनुस्रोत वहन म्हणतात. पावसाच्या आरंभी प्रौढ मासे प्रवाहाविरुद्ध चढून जातात, ते प्रतिस्रोत स्थलांतर होय. पिलांचे खाली येणे हा त्याच जीवनचक्राचा उत्तरार्ध आहे. पहिला भाग दिवसाउजेडी व डोळ्यांसमोर घडतो. दुसरा बहुधा रात्री, गढूळ पाण्यात आणि काही मिलिमीटर लांबीच्या जिवांच्या बाबतीत घडतो. त्यामुळे कायदा, शास्त्र आणि जलव्यवस्थापन या तिन्हींचे लक्ष चढणाऱ्या माशांकडे आधी गेले व उतरणाऱ्या पिलांकडे फार उशिरा. या विषयाचा इतिहास मुख्यतः या विलंबाचा इतिहास आहे. तो समजण्यास ठाणे जिल्ह्यातील टोकावडे परिसराचे उदाहरण उपयुक्त ठरते. कारण तेथील नदी आणि शेजारच्या नद्या यांची अवस्था आज एकमेकींहून भिन्न आहे.

स्वरूप : वहनाचे तीन प्रकार मानतात. अंडी आणि पोहण्याची शक्ती नसलेले डिंभ केवळ पाण्याच्या वेगाने वाहतात. हे निष्क्रिय वहन होय. थोडी मोठी झालेली पिले काठाचा आश्रय सोडून स्वतः प्रवाहात शिरतात, परंतु पुढे प्रवाहच त्यांना नेतो. हा मिश्र प्रकार होय. बोटभर लांबीची पिले प्रवाहाच्या दिशेने स्वतः पोहत जातात. हे सक्रिय वहन होय. स्वच्छ पाण्याच्या नद्यांत वहन प्रामुख्याने रात्री होते. अंधारात पिलांना काठ किंवा तळ यांसारख्या खुणा दिसत नाहीत, त्यामुळे प्रवाहात जागा धरून राहणे त्यांना जमत नाही. शिवाय डोळ्यांनी भक्ष्य टिपणारे मासेही तेव्हा निष्प्रभ असतात. पुराच्या गढूळ पाण्यात दिवस व रात्र यांतील हा फरक पुष्कळसा नाहीसा होतो.

वहनाचे अंतर माशाच्या जातीवर अवलंबून असते. कटला, रोहू व मृगळ या गंगेच्या प्रमुख कार्प माशांची अंडी चिकट नसतात. पाणी शोषून ती फुगतात व वाहत्या पाण्यात तरंगत राहतात. सु. २७° ते ३१° से. तापमानात ती साधारणपणे १४ ते २० तासांत फुटतात आणि डिंभाजवळचे पीतक सु. तीन दिवस पुरते. सेकंदास एक मीटर वेगाच्या पाण्यात असे अंडे फुटण्यापूर्वीच सु. ५० ते ७० किमी. वाहून जाऊ शकते. अडीच हजार किमी. लांबीच्या गंगेत हे परवडते. पण उल्हास नदीची एकूण लांबी केवळ सु. १२२ किमी. असून तिचे मुख खाडीत आहे. सह्याद्रीच्या पश्चिम उतारावरील आखूड नद्यांत तरंगणारी अंडी थोड्याच काळात खाऱ्या पाण्यात पोहोचतील. या नद्यांत आढळणारे बहुतेक मासे वेगळी रीत अनुसरतात. लहान बारबस जातीचे मासे अंडी पाणवनस्पतींस चिकटवतात. शिंगटा व त्याच्या गोत्रातील मार्जारमीनांची अंडीही चिकट असतात. मरळ माशाची अंडी पृष्ठभागावर तरंगतात, परंतु नर-मादी त्यांची व नंतर पिलांच्या थव्याची राखण करतात. अशा ठिकाणी वाहून जातात ती मुख्यतः पिले, आणि तीही खाचरातून ओढ्यात, ओढ्यातून नदीत व नदीतून डोहात, अशा लहान टप्प्यांनी.

टोकावडे परिसर : टोकावडे हे गाव मुरबाड तालुक्यात, कल्याणहून माळशेज घाटाकडे जाणाऱ्या महामार्गावर, सह्याद्रीच्या पायथ्याजवळ आहे. हा प्रदेश काळू नदीच्या खोऱ्यात मोडतो. काळू माळशेज घाटाच्या परिसरातून उतरते. तिचे आणि शहापूर तालुक्यातून येणाऱ्या भातसा नदीचे पाणी पुढे कल्याणजवळ उल्हास नदीस मिळते. पाऊस जवळजवळ सर्व जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. त्या काळात ओढे दुथडी भरून वाहतात आणि उन्हाळ्यात नदीचे पात्र डोहांच्या मालिकेपुरते उरते. डोहात तग धरलेले मासे हीच पुढील वर्षाची बीजभूमी असते.

पहिल्या मोठ्या पावसाबरोबर हे मासे ओढ्यांतून व भातखाचरांतून वर चढतात. उत्तर कोकणात या चढणीस वलगण असे नाव आहे. खाचरांतील उथळ, उबदार पाण्यात अंडी फुटतात आणि पिलांना सूक्ष्मजीवांचे विपुल खाद्य मिळते. भाद्रपद-आश्विनात भात पोटरीस येऊन निसवते, पाऊस विरळ होतो आणि खाचरांचे पाणी बांध फोडून खाली सोडतात. त्या पाण्याबरोबर पिले ओढ्यात उतरतात. या परिसरातील ठाकूर, कातकरी, महादेव कोळी, कुणबी व आगरी समाजांतील लोकांना या दोन्ही वेळा पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहेत. चढणीच्या वेळी हातजाळी व पाग वापरतात. उतरणीच्या वेळी बांधाच्या तोंडाशी किंवा दगडमातीने आडवलेल्या ओढ्याच्या फटीत बांबूच्या कामट्यांचे सापळे लावतात. पाणी कामट्यांमधून निघून जाते व मासे आत राहतात. कामट्यांमधील अंतर जितके कमी, तितकी लहान पिलेही अडकतात. उन्हाळ्यात आटलेल्या डोहात गेळाची फळे किंवा रामेठ्याची साल कुटून टाकून मासे गुंगवण्याची पद्धतही सह्याद्रीच्या पट्ट्यात होती. सापळा व विष या दोन्ही साधनांवर पुढे कायद्याची दृष्टी पडली.

पाहणी व कायदा : दख्खनमधील माशांची पहिली शास्त्रीय नोंद कर्नल विल्यम हेन्री साइक्स यांनी १८३९ मध्ये प्रसिद्ध केली. त्यांनी अनेक जातींना स्थानिक मराठी नावेच लॅटिन रूपात दिली. खडशीवरून खुद्री, मळ्यावरून मुल्या, कोळशीवरून कोलस आणि मसळ्यावरून मुसुल्ला ही जातिनामे आजही प्राणिशास्त्रात प्रचलित आहेत. मासेमारांच्या ज्ञानाची ही एक प्रकारे शास्त्रीय पोचपावती होय. परंतु साइक्स यांचा उद्देश जातींची ओळख हा होता, त्यांच्या पिलांचा प्रवास हा नव्हता.

पिलांचा प्रश्न प्रथम नुकसानीच्या रूपाने पुढे आला. शल्यचिकित्सक व मत्स्यशास्त्रज्ञ फ्रान्सिस डे यांनी हिंदुस्थान व ब्रह्मदेश येथील गोड्या पाण्यातील मत्स्यव्यवसायाचा अहवाल १८७३ मध्ये सादर केला. त्यासाठी त्यांनी निरनिराळ्या प्रांतांतील अधिकाऱ्यांना प्रश्न पाठवून उत्तरे गोळा केली होती. अंडी घालणारे मासे व पिले यांचा नाश होतो काय, जाळ्यांचे आस केवढे असतात, शेतांत सापळे लावतात काय, अशा स्वरूपाची ही चौकशी होती. पाण्याखाली गेलेल्या शेतांतून बाहेर पडणारी पिले सापळ्यांत मोठ्या प्रमाणात मारली जातात, असा डे यांचा निष्कर्ष होता व जाळ्यांच्या आसांवर मर्यादा घालावी, असा त्यांचा आग्रह होता. दक्षिण कानडा जिल्ह्यात काम केलेले हेन्री सलिव्हन टॉमस यांनीही त्याच सुमारास याच मताचा पुरस्कार केला.

या चर्चेची परिणती १८९७ च्या भारतीय मत्स्यव्यवसाय अधिनियमात झाली. स्फोटके व विष वापरून मासे मारणे या अधिनियमाने दंडनीय ठरवले. पक्के बसवलेले सापळे, बांध व जाळ्यांचे आस यांविषयी नियम करण्याचा अधिकार प्रांतिक सरकारांना देण्यात आला. पुढे महाराष्ट्र राज्याने १९६० चा स्वतंत्र मत्स्यव्यवसाय अधिनियम केला. या कायद्यांमागील भूमिका रास्त होती, तथापि ती एकांगी होती. कातकऱ्याचा कामटीचा सापळा दोषी ठरला, पण ज्या मोठ्या भिंती नदीचा मार्गच बंद करतात, त्या या कायद्याच्या कक्षेत व्यवहारतः आल्या नाहीत. डे यांचा अहवाल होऊन वीस वर्षेही झाली नव्हती, तोच शहापूर तालुक्यात मुंबईच्या पाणीपुरवठ्यासाठी तानसा धरण १८९२ मध्ये पूर्ण झाले.

बीजसंकलनाचा काळ : पिलांचे वहन हा जेथे उपजीविकेचा आधार होता, तेथे त्याचे ज्ञान सर्वांत पुढे गेले. चीनमध्ये नदीतून वाहणारी पिले पकडून ती टोपल्यांतून दूरच्या तळ्यांकडे नेण्याच्या व्यापाराचे उल्लेख तेराव्या शतकापासून सांगितले जातात. बंगालमध्येही ही विद्या जुनी आहे. पावसाळ्यात नदीच्या उथळ काठाशी बांबूच्या खुंट्यांना शंक्वाकृती जाळे बांधत. त्याचे रुंद मुख प्रवाहाच्या वरच्या दिशेस असे व अरुंद शेपटाशी कापडी पिशवी असे. ठराविक वेळाने पिशवीतील जिरे, म्हणजे जिऱ्याच्या दाण्याएवढे डिंभ, काढून वाटीने मोजत आणि मातीच्या हंड्यांत भरून पाठवीत. पूर ओसरू लागताच जिरे विपुल मिळतात, हा संकलकांचा अनुभव होता. बांगला देशातील हालदा नदीवर कार्प माशांची नैसर्गिक अंडी गोळा करण्याची परंपरा आजही टिकून आहे.

हावडा हे या व्यापाराचे मुख्य केंद्र होते व तेथून मत्स्यबीज रेल्वेने देशाच्या दूरच्या भागांत जाई. सह्याद्रीच्या पश्चिमेकडील नद्यांत कटला, रोहू व मृगळ हे मासे मूळचे नव्हते. या प्रदेशातील तलावांत ते बाहेरून आणलेल्या बीजामुळे आले. १९६०–७० या दशकाच्या मध्यापर्यंत भारतातील मत्स्यशेतीस लागणाऱ्या बीजापैकी सु. नऊदशांश बीज नद्यांच्या प्रवाहातूनच मिळत असे. बराकपूर येथे १९४७ मध्ये स्थापन झालेल्या केंद्रीय अंतर्देशीय मत्स्यसंशोधन संस्थेने देशातील मोठ्या नद्यांत बीजाची पद्धतशीर पाहणी केली. कोणत्या घाटावर, पुराच्या कोणत्या अवस्थेत, किती जिरे येतात आणि त्यांत कार्प माशांचे प्रमाण किती, याची मोजणी या पाहण्यांत होत असे. उद्देश व्यापारी असला, तरी नद्यांतून वाहणाऱ्या मत्स्यपिलांची एवढी व्यापक मोजणी भारतात त्यापूर्वी झाली नव्हती.

प्रेरित प्रजनन व त्याचा परिणाम : नदीतील बीजात एक मोठा दोष होता. जिऱ्यांच्या अवस्थेत जाती ओळखणे कठीण असल्याने कार्प माशांबरोबर भक्षक व निरुपयोगी माशांची पिलेही तळ्यात जात. यावरील उपाय १९५७ मध्ये सापडला. त्या वर्षी १० जुलै रोजी ओडिशातील अंगुल येथे हिरालाल चौधरी यांनी के. एच. अलिकुन्ही यांच्या सहकार्याने पोष ग्रंथीचा अर्क टोचून प्रमुख कार्प माशांचे प्रेरित प्रजनन यशस्वी केले. हा दिवस भारतात राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळला जातो. पुढील दोन-तीन दशकांत बीजनिर्मिती केंद्रे सर्वत्र झाली. शुद्ध बीज हवे तेव्हा मिळू लागले व मत्स्योत्पादन अनेक पटींनी वाढले [⟶ मत्स्योद्योग].

या यशाची एक बाजू क्वचितच लक्षात घेतली जाते. नदीतील बीजाची गरज संपली, तशी ते मोजण्याचे कारणही संपले. रात्रभर जाळ्याशेजारी बसून प्रवाहाचा हिशेब ठेवणारा संकलक व्यवसायातून बाहेर पडला आणि पाहण्यांचा जोर ओसरला. ज्या दशकांत देशात सर्वाधिक धरणे उभी राहिली, त्याच दशकांत पिलांच्या वहनाकडे लक्ष देणारी यंत्रणा क्षीण झाली. कोकणच्या आखूड नद्यांत तर व्यापारी कार्प मासे मूळचे नसल्याने असे व्यापारी बीजसंकलन मुळातच रुजले नव्हते. तेथील वहनाची माहिती केवळ मासेमारांच्या आठवणीत राहिली.

महाराष्ट्रात याला सन्माननीय अपवाद म्हणजे महसीर माशावरील काम होय. राज्याचे माजी मत्स्यव्यवसाय संचालक सी. व्ही. कुलकर्णी यांनी १९७०–७१ च्या सुमारास दख्खनी महसीर म्हणजे खडशी या माशाच्या अंडी घालण्याच्या सवयी व प्रारंभिक वाढ यांचे वर्णन प्रसिद्ध केले. टाटा वीज कंपन्यांच्या लोणावळा येथील वळवण तलावाशेजारी या माशाचे बीजकेंद्रही चालवण्यात आले. महसीराची अंडी जड असून तळाशी राहतात. अंड्यांतून निघालेली पिले प्रकाश टाळून काही दिवस खड्यांच्या फटींत डोके खुपसून बसतात. सर्वच पिले प्रवाहात स्वतःस सोडून देत नाहीत, हे यावरून स्पष्ट होते. अशा जातीस वाहत्या लांब पात्रापेक्षा गाळाने न बुजलेला खडीचा तळ अधिक आवश्यक असतो.

धरणे व वहन : धरणाची भिंत चढणाऱ्या माशास अडवते, हे उघड आहे. उतरणाऱ्या पिलांवर होणारा परिणाम अधिक गुंतागुंतीचा असतो. वरून वाहत आलेली अंडी व डिंभ जलाशयाच्या स्थिर पाण्यात पोहोचताच तळाशी बसून गाळात दबतात किंवा भक्षकांच्या तोंडी जातात. भिंतीच्या खाली पुराचे प्रमाण व वेळ बदलल्यामुळे माशांना अंडी घालण्याची सूचनाच मिळत नाही. खोल जलाशयाच्या तळातून सोडलेले पाणी थंड असते व त्यात ऑक्सिजनही कमी असू शकतो. चीनमधील यांगत्से नदीवर थ्री गॉर्जेस धरणात २००३ पासून पाणी साठवण्यास आरंभ झाल्यानंतर खालच्या भागातून वाहणाऱ्या चार प्रमुख कार्प माशांच्या पिलांची संख्या झपाट्याने घटली. तेथे आधीपासून मोजणी होत असल्यामुळेच ही घट आकड्यांत दाखवता आली. ॲमेझॉन नदीत सोनेरी महामार्जारमीनाचे डिंभ अँडीज पर्वताच्या पायथ्यापासून मुखापर्यंत हजारो किमी. वाहत जातात. त्या नदीच्या उपनद्यांवरील धरणांसंबंधीच्या वादात हा मुद्दा आता प्रमुख आहे.

उल्हास खोऱ्यात असा मूळ हिशेब उपलब्ध नसताना धरणे झाली. मुरबाड-बदलापूर भागातील बारवी धरण महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने औद्योगिक व नागरी पाणीपुरवठ्यासाठी १९७२ मध्ये बांधले व नंतर त्याची उंची वाढवण्यात आली. शहापूर तालुक्यात भातसा नदीवर ८८ मी. उंचीचे धरण १९८३ मध्ये पूर्ण झाले. तेथून नदीत सोडलेले पाणी खाली पिसे येथील बंधाऱ्यापाशी मुंबईसाठी उचलले जाते. म्हणजे पिलांपुढे एका मागोमाग दोन अडथळे उभे राहिले. लहान बंधाऱ्यांचा परिणामही ध्यानात घ्यावयास हवा. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यात पावसाळ्यापूर्वी फळ्या काढतात, त्यामुळे चढणीस वाट मोकळी असते. मात्र पावसाळा संपताच, नेमक्या पिलांच्या उतरणीच्या काळात, त्या पुन्हा बसवतात. फळ्या बसवण्याची तारीख काही दिवस पुढेमागे करणे हा कमी खर्चाचा उपाय असून तो पाण्याच्या साठ्याशी तडजोड करून ठरवता येतो.

काळू नदीची स्थिती याहून वेगळी आहे. तिच्यावरील मोठ्या धरणाचे काम २०११ मध्ये सुरू झाले. वनजमिनीविषयक मंजुरीच्या प्रश्नावरून मुंबई उच्च न्यायालयाने २०१२ मध्ये ते थांबवले. त्यानंतरही प्रकल्प पुन्हा हाती घेण्याच्या हालचाली होत राहिल्या आहेत. यासंबंधीचा वाद मुख्यतः आदिवासी गावांचे विस्थापन, जंगलाचे बुडणे आणि महानगर प्रदेशाची पाण्याची गरज या मुद्द्यांभोवती फिरतो व ते मुद्दे निःसंशय मोठे आहेत. नदीतील मासा हा त्याच गावांच्या पावसाळी आहाराचा भाग असल्याने तो या प्रश्नापासून वेगळा काढता येत नाही.

उपाययोजना : धरणांवरील मत्स्यसोपान, म्हणजे माशांना चढून जाण्यासाठी केलेल्या पायऱ्या, प्रौढ माशांसाठी आखलेले असतात. निष्क्रियपणे वाहणाऱ्या डिंभास सोपानाचे तोंड शोधता येत नाही. त्याच्यासाठी योग्य वेळी वाहते पाणी हाच मार्ग असतो. जलाशयात बीजकेंद्रातील कटला-रोहूची बोटुकली सोडून उत्पादन वाढते, परंतु त्यामुळे मूळ नदीतील मळ्या, शिंगटा किंवा लहान बारबस यांची भरपाई होत नाही. १९५२ मध्ये भारतात आणलेला तिलापिया मासा पुढे अनेक तलावांत पसरून स्थानिक माशांशी स्पर्धा करू लागला, हा अनुभवही लक्षात ठेवण्याजोगा आहे.

काळूसारख्या अद्याप मोठ्या भिंतीने न अडवलेल्या नदीत जून ते ऑक्टोबर या काळात ठराविक रात्री, ठराविक ठिकाणी शंक्वाकृती जाळी लावून पिलांची जातवार मोजणी करणे शक्य आहे. बंगालच्या संकलकांनी वापरलेल्या जाळ्याहून वेगळे साधन त्यासाठी लागत नाही, आणि पिले कोणत्या ओढ्यातून व केव्हा उतरतात, हे सांगणारी माणसे टोकावडे परिसरातील वाड्यापाड्यांवर अजून आहेत. धरण व्हावे की नाही, याचा निर्णय या मोजणीने होणार नाही. धरण झाल्यास काय गमावले आणि न झाल्यास काय राखले, हे ठरवण्यास मात्र तीच आधार ठरेल. बारवी व भातसा या नद्यांच्या बाबतीत ही संधी धरणे पूर्ण झाली तेव्हाच संपली.